तीन भट्ट्या

किन्हवलीला बाजाराच्या दिवशी आमच्या गटाच्या बायका थोडा वेळ एकत्र बसतात. कोणाची बचतीची वही भरायची असते, कोणाला तलाठ्याकडे सोबत हवी असते. त्या दिवशी पेपरात तारापूरची बातमी होती, ती मी वाचून दाखवली. एक आणि दोन नंबरच्या अणुभट्ट्या २०२० साली बंद झाल्या, त्यांचे जुने नळ बदलून, डागडुजी करून त्या पुन्हा चालवायचं सरकारने ठरवलं आहे. कोपऱ्यात मेथीची जुडी सोडत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "कसली भट्टी? दारूची का इटांची?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग मी समजावायला लागले की ही विजेची भट्टी, हिच्यात युरेनियम असतं. तिने मला मध्येच थांबवलं. "त्ये ऱ्हाऊं दे. बंद केली व्हती ना? मंग परत चालू करायच्या आधी कोनाला इचारलं?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. म्हणजे उत्तर ठाऊक होतं, पण ते त्या बाईच्या तोंडावर सांगायची लाज वाटली. कोणालाच विचारलं नाही, हे ते उत्तर.

आमच्या शहापूर-मुरबाडच्या बायकांना दोन भट्ट्या चांगल्या माहीत आहेत. दिवाळी झाली की कातकरी वाड्या ओस पडतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोची जोडी भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्टीवर जाते. बाई चिखल तुडवते, विटा थापते, डोक्यावरून वाहते, वर स्वयंपाक आणि पोरं आहेतच. हिशोब हजार विटांमागे जोडीचा होतो आणि पैसे पुरुषाच्या हातात जातात. पोटुशी असली तरी सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत काम चालूच राहतं, कारण उचल फिटलेली नसते. दुसरी भट्टी दारूची. ती तर उंबऱ्यापर्यंत येते. तिच्याशी भांडता भांडताच आमच्यातल्या निम्म्या जणी संघटनेत आल्या.

आणि या दुसऱ्या भट्टीने आम्हाला एक गोष्ट शिकवली. महाराष्ट्रभर बायकांनी मडकी फोडली, मोर्चे काढले, मार खाल्ला, तेव्हा सरकारला नियम करावा लागला. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घ्यावं लागतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. नियमात खोड आहे. हजर असलेल्यांतल्या नाही, यादीतल्या सगळ्या बायकांतल्या निम्म्या लागतात. म्हणजे जी वीटभट्टीवर गेली आहे ती आपोआप दारूवाल्याच्या बाजूने मोजली जाते. एका भट्टीने दुसरीला असं राखलं आहे! तरीही नियम आहे. एका दुकानाबद्दल का होईना, बाईचं मत मोजलं जातं. पेसा कायद्याने १९९६ साली अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेलाही दारूवर अंकुश ठेवण्याचा हक्क दिला. आमचा शहापूर तालुका त्या क्षेत्रात आहे.

मग माझा सरळ सवाल आहे. दारूचं दुकान बंद ठेवायचं की उघडायचं हे ठरवायची अक्कल ज्या बाईला आहे असं कायदा मानतो, तिला अणुभट्टीबद्दल मात्र एक शब्द विचारायचा नाही, हे कशाच्या आधारावर?

'तुम्हाला त्यातलं विज्ञान कळत नाही', असं उत्तर येतं. दारू कशी गाळतात याचं रसायनशास्त्रही आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. दारूचा परिणाम कोणाच्या घरात होतो ते विचारलं होतं.

तारापूर आमच्यापासून लांब आहे, तुमचं काय जातं, असंही एका शिक्षकांनी मला ऐकवलं. २०१४ च्या १ ऑगस्टपर्यंत तारापूर आणि किन्हवली एकाच ठाणे जिल्ह्यात होती. पालघर वेगळा झाला म्हणून वारा काही जिल्ह्याची हद्द पाहून वाहत नाही. सरकारी आराखड्यात भट्टीभोवती १६ किलोमीटरचा टापू आणीबाणीच्या तयारीचा धरलेला असतो. फुकुशिमाला ११ मार्च २०११ नंतर जपान सरकारने २० किलोमीटरपर्यंतची गावं उठवली आणि अमेरिकेने आपल्या नागरिकांना ८० किलोमीटरच्या बाहेर जायला सांगितलं. नकाशावर तारापूरभोवती ८० किलोमीटरचं वर्तुळ काढून पाहा. बोईसरची सगळी कारखानदारी, पालघर, डहाणू, जव्हार तर त्यात येतातच, पण तानसा आणि मोडकसागरही येतात. मुंबई जे पाणी पिते त्यातलं काही या वर्तुळातलं आहे. ज्या शहापूर तालुक्यातून ते पाणी जातं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे वेगळं दुखणं आहे. पण ज्यांना तारापूर लांब वाटतं त्यांनी आपल्या नळाचा माग काढावा.

आता या भट्ट्या कोणत्या, ते थोडं सांगते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, उकळत्या पाण्याच्या घाटाच्या. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये त्या वीज द्यायला लागल्या. फुकुशिमाची पहिली भट्टी त्याच कंपनीची, त्याच जातीची, पण १९७१ ची, म्हणजे आपल्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. प्रत्येकी २१० मेगावॉटच्या म्हणून आणलेल्या तारापूरच्या भट्ट्या पुढे १६० वर उतरवाव्या लागल्या. पन्नास वर्षं वापरून २०२० साली त्या थांबल्या. त्या वेळी त्या मोडीत काढायची संधी होती. ती सोडली, कारण मोडीत काढायलाही अफाट पैसा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची राखण लागते. नळ बदलून आणखी काही वर्षं ढकलणं सरकारला सोपं वाटतं. आमच्याकडे एस.टी.ची गाडीही ठरावीक वर्षं धावली की मोडीत निघते.

दोन्ही मिळून ३२० मेगावॉट. देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. वीज आम्हालाही हवी. भारनियमनाच्या काळात बारा-बारा तास अंधारात स्वयंपाक केलेल्या आम्ही बायका आहोत. पडघ्याच्या मोठ्या उपकेंद्राकडे जाणारे मनोरे आमच्या माथ्यावरून गेले आणि खाली चिमणी जळत होती. कोळसा फार सोवळा आहे असंही मी म्हणत नाही. राखेच्या तळ्याकाठच्या बायकांना विचारा. पण 'वीज हवी की नको' असं विचारून गप्प करणं ही जुनी युक्ती आहे. घरात मारणारा नवराही हेच विचारतो, 'घर हवं की नको?'

पन्नास वर्षांत काय बिघडलं, असं विचारतात. मोठा स्फोट झाला नाही, हे खरं आहे आणि ते मी मान्य करते. पण लहान गोष्टींची नोंद कोणी ठेवली? अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष राहिलेले डॉ. ए. गोपालकृष्णन यांच्या कारकिर्दीत, १९९५ साली, मंडळाने देशातल्या अणुकेंद्रांतल्या सुरक्षेच्या सुमारे १३० त्रुटींची यादी केली. ती यादी जनतेला दाखवा म्हणून मुंबई सर्वोदय मंडळ आणि पीयूसीएल कोर्टात गेले. उच्च न्यायालयाने नाही म्हटलं, २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही नाही म्हटलं. १९६२ च्या कायद्याने सरकारला गुप्ततेचा अधिकार होता, म्हणून. म्हणजे त्रुटी आहेत हे सांगायचं, कोणत्या ते सांगायचं नाही. आणि कामगारांची, गावकऱ्यांची तब्येत पाहून 'सर्व ठीक' म्हणणारं जे टाटा रुग्णालय, तेही अणुऊर्जा खात्याच्याच अखत्यारीत. तिथले डॉक्टर खोटं बोलतात असा माझा आरोप नाही. सासूबाईंच्या तक्रारीची चौकशी सासूबाईंच्याच भावाने करावी, एवढंच म्हणते.

बायकांचं म्हणून यात वेगळं काय, असा प्रश्न आपल्याच चळवळीत येतो. आमच्या शिबिरातही आला होता. 'अणुऊर्जा हा पर्यावरणवाल्यांचा विषय, आपल्याकडे मारहाण, हुंडा, पोटगी कमी आहे का?' तेव्हा मीही मान डोलावली होती. माझी चूक होती.

एकसारखी किरणं लागली तरी बाईच्या शरीराला जास्त इजा होते, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००६ च्या अहवालात आकड्यांत आहे. एका ठरावीक मात्रेला एक लाख पुरुषांमागे गाठीच्या कर्करोगाचे ८०० जादा रुग्ण धरले, तर एक लाख बायकांमागे १,३००. लहान वयात, त्यातही मुलींना, धोका आणखी. तरी सुरक्षिततेचं गणित वर्षानुवर्षं एका धडधाकट तरुण पुरुषाला समोर ठेवून मांडलं गेलं. जर्मनीत २००७ साली सरकारी पाहणीत अणुकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून थोडं जास्त निघालं. बाहेर पडणारा किरणोत्सार इतका कमी होता की त्याने हे घडू नये, असं शास्त्रज्ञच म्हणाले. कारण आजही नीट सांगता आलेलं नाही. प्रामाणिक माणसं असं म्हणतात. आपल्याकडे मात्र पाहणीच्या आधी निकाल तयार असतो.

कामगार बाईचा नियम तर वाचण्यासारखा आहे. ती गरोदर असल्याचं तिने कळवलं की पुढच्या काळात पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये. नियम चांगलाच आहे. पण 'कळवलं की'! ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेली बाई कळवेल का? कळवलं की दुसऱ्या दिवसापासून रोज बंद. वीटभट्टीवरची बाई सातव्या महिन्यापर्यंत विटा का वाहते, ते ज्याला कळतं त्याला हेही कळेल. ज्या नियमाची किंमत बाईच्या मजुरीतून वसूल होते तो नियम कागदावरच राहतो.

इथे आपल्या अणुविरोधी मित्रांनाही एक सांगायचं आहे. राजस्थानात रावतभाट्याजवळच्या गावांत डॉ. संघमित्रा आणि सुरेंद्र गाडेकर यांनी १९९१ साली घरोघर जाऊन पाहणी केली. भट्टीजवळच्या गावांत जन्मजात व्यंग, गर्भपात, मृत जन्म हे सगळं दूरच्या गावांपेक्षा जास्त आढळलं. हे काम मोलाचं आहे, कारण त्यांनी बायकांना विचारलं, त्यांचं ऐकून लिहून घेतलं. पण अशा पाहणीतून मग पोस्टरं होतात आणि पोस्टरवर येतं व्यंग असलेलं मूल, खाली लिहिलेलं 'हे तुम्हाला हवं आहे का?' ते मूल कोणाचं तरी आहे. त्याची आई आधीच सासरच्यांची बोलणी खात असते की तुझ्याच कुशीत खोट. आपणही तिच्या मुलाचं बुजगावणं करायचं का? त्या आईला पेन्शन, औषध, शाळा मिळाली का, हे पोस्टरवाल्यांनी विचारलेलं मी ऐकलेलं नाही. आणि मोर्चात बायका पुढे, कारण पोलीस त्यांना कमी मारतील. चर्चेच्या टेबलाशी मात्र पुरुष. हे आता पुरे झालं.

बंद केलेलं पुन्हा सुरू करताना सरकार कसं वागतं, याचे धडे आपल्याजवळ आहेत. तमिळनाडूत कुडनकुलमला २०११ साली इडिन्तकरै गावच्या कोळी बायकांनी साखळी उपोषण धरलं. त्यांच्या दबावाने राज्य मंत्रिमंडळाने २२ सप्टेंबर २०११ ला ठराव केला की लोकांची भीती जाईपर्यंत काम थांबवा. बायकांना वाटलं, जिंकलो. सहा महिने गेले. १८ मार्च २०१२ ला शंकरनकोविलची पोटनिवडणूक झाली आणि १९ तारखेला त्याच मंत्रिमंडळाने काम सुरू करायला मान्यता दिली. मतदान आटोपेपर्यंत लोकांची भीती महत्त्वाची होती, दुसऱ्या दिवशी ती संपली! पुढे १० सप्टेंबर २०१२ ला समुद्रकाठी लाठी, अश्रुधूर. मणप्पाडला गोळीबारात एक मच्छिमार गेला. हजारोंवर राजद्रोहाचे गुन्हे. त्यात बायका होत्या, काही जणींनी महिनोन्‌महिने तुरुंग पाहिला.

आपल्या जैतापूरला १८ एप्रिल २०११ ला साखरी नाटे इथे गोळीबारात एक तरुण मच्छिमार गेला. फुकुशिमाला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता.

फुकुशिमाच्या बायकाही गप्प बसल्या नाहीत. २०११ च्या ऑक्टोबरअखेर शेकडो जणी टोकियोत उद्योग मंत्रालयाच्या दारात तीन दिवस बसल्या. आईपण घेऊन बसल्या, शेती घेऊन बसल्या, विणकामाचे गुंडे घेऊन बसल्या. जपानच्या सगळ्या भट्ट्या एकेक करून थांबल्या. २०१५ च्या ऑगस्टमध्ये सेन्दाईपासून त्या परत सुरू व्हायला लागल्या. काशिवाझाकी-कारिवा हे जगातलं सर्वांत मोठं अणुकेंद्र, त्याच टेपको कंपनीचं जिने फुकुशिमा चालवलं. तिथे सुरू करण्यापूर्वी सार्वमत घ्या म्हणून निगाता प्रांतातल्या १ लाख ४० हजारांहून जास्त लोकांनी सह्या दिल्या. एप्रिल २०२५ मध्ये प्रांताच्या सभागृहाने ती मागणी फेटाळली. नोव्हेंबरात राज्यपालांनी होकार दिला, २०२६ च्या जानेवारीत भट्टी पेटली. जपानी बाई शिकलेली आहे, श्रीमंत देशातली आहे, तिलाही मताची पेटी मिळाली नाही. म्हणजे प्रश्न आमच्या अडाणीपणाचा नव्हताच.

घरच्या जवळही हेच. वाढवण बंदराला डहाणू तालुका पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला होता. कोळणींनी तो नकार पंचवीस वर्षं जपला. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच प्राधिकरणाने होकार दिला. मुरबाडच्या काळू धरणाचं काम २०१२ साली उच्च न्यायालयाने थांबवलं, कारण वनखात्याची परवानगी न घेताच ते चालू होतं. पण धरण रद्द झालं असं कोणी आम्हाला लिहून दिलेलं नाही. आमचा नकार सरकार असा साठवून ठेवतं आणि आम्ही थकलो की फिरवतं. त्यांचा होकार एकदाच घ्यायचा असतो, आमचा नकार दर वर्षी द्यायचा असतो.

आणि ज्यांनी तारापूरला एकदा होकार दिला, किंवा ज्यांच्याकडून घेतला गेला, त्यांचं काय झालं? तीन आणि चार नंबरच्या भट्ट्यांसाठी समुद्रकाठची अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली. त्या भट्ट्या २००५ आणि २००६ साली चालू झाल्या. पुनर्वसनाचं भांडण उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चाललं. कोळ्याला घर देता येतं, समुद्र देता येत नाही. घर तरी कोणाच्या नावावर? सातबारा पुरुषाचा, भरपाईचा धनादेश पुरुषाचा, 'प्रकल्पग्रस्त' म्हणून नोकरीचा दाखला मुलाचा. मासे सुकवून, टोपली घेऊन बाजार करणारी बाई कोणत्याच कागदावर नव्हती. तिचा धंदा बुडाला याची नोंद करायला रकानाच नाही.

वर २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे जमीन हादरते आहे. धुंदलवाडी परिसरात लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्यात घाबरून पळताना एक दोन वर्षांची मुलगी पडून गेली. हे सगळं तारापूरच्याच मागच्या अंगणात. भट्टी भूकंप सोसेल असं तज्ज्ञ म्हणतात. म्हणू देत, पण कुडाच्या घरातली बाई तान्ह्याला आणि सासूला घेऊन रात्री कोणत्या रस्त्याने, कोणत्या गाडीने निघणार, याची रंगीत तालीम पाड्यापाड्यावर किती वेळा झाली ते सांगावं.

अशा वेळी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा केला. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून त्याचं नाव ठेवलं 'शांती'. १९६२ चा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा, दोन्ही गेले. खाजगी कंपन्यांना दार उघडलं. नियामक मंडळाला कायद्याचा दर्जा दिला, ही एक बरी गोष्ट. पण सदोष यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडून पैसे वसूल करण्याची जी तरतूद भोपाळची आठवण ठेवून २०१० साली घातली होती, ती काढली. भोपाळच्या बायका १९८४ पासून काय भोगत आहेत, हे या पानांच्या वाचकांना मी सांगायला नको. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज करायची घोषणा आहे. म्हणजे आज तारापूरच्या म्हाताऱ्या भट्ट्यांबाबत जे चालवून घेऊ, ते उद्या खाजगी मालकाच्या भट्टीलाही चालेल. तेव्हा माहिती मागायला जाल तर दारातच 'शांती' म्हणतील.

आमच्या गटाने त्या बाजाराच्या दिवसानंतर दोनदा बैठक घेतली. पहिलीला नऊ जणी, दुसरीला सव्वीस. नवरे कुजबुजले की आता या अणुबाँब बंद करणार. करू बापडे चेष्टा. आम्ही तारापूरच्या व्यवस्थापनाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं आहे. भट्ट्या पुन्हा चालवण्याआधीचा सुरक्षा तपासणीचा अहवाल मराठीत गावोगाव द्या. अणुखात्याबाहेरच्या डॉक्टरांकडून आजूबाजूच्या बायकामुलांची आणि ठेक्यावरच्या कामगारांची तपासणी करा, निकाल ज्याचा त्याच्या हातात द्या. गरोदर बाईला कामावरून हलवलं तर पूर्ण मजुरी द्या. आणि १६ किलोमीटरच्या टापूतल्या प्रत्येक गावात महिला ग्रामसभा घेऊन गुप्त मतदान घ्या, आडव्या बाटलीसारखं. तेही बायका वीटभट्टीवरून परत आल्यावर, पावसाळ्यात घ्या.

पत्रावर सह्या आणि अंगठे मिळून एक्काहत्तर झाले. मेथीवाल्या म्हातारीने अंगठा देताना विचारलं, बाटलीच्या जागी कागदावर कसलं चित्र काढतील. ते ठरायचं आहे. पालघर, डहाणू, मोखाड्याच्या ज्या गटांना असंच पत्र पाठवायचं असेल त्यांनी किन्हवलीला कळवावं, मसुदा पाठवून देऊ.